कोरायचा तो उजेड

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्या ठशाने घेतलेला छाप. त्यात काळा रंग कुणी काढत नाही, तो आधीपासूनच असतो. ठशाच्या सपाट भागाला शाई लागते, कोरून काढलेली जागा कोरडी राहते. म्हणजे चित्रकाराच्या हत्याराने जे जे कोरलं जातं तो सगळा उजेड, आणि जिथे हात लावलेला नाही तो अंधार. पिंपळावरचा मुंजा काढायचा तर आख्खा ठसा काळाच ठेवायचा. पानांच्या कडांवर थोडं चांदणं, एक जानवं, शेंडीचा पुसट वळसा, बस्स. बाकीचं पाहणाऱ्याने पुरं करायचं.

भुताच्या चांगल्या गोष्टीतही हेच घडतं, आणि म्हणूनच या दोन आवडी एकमेकींना इतक्या धरून आहेत असं मला वाटतं. एकट्याने, स्वतःच्या टेबलावर, तीस-चाळीस प्रती छापणारे चित्रकार आणि रात्री अर्ध्या तासात वाचून होणारी, रक्तपात नसलेली, जरा अंगावर काटा आणणारी गोष्ट. दोन्ही लहान आकाराच्या, आणि दोन्हींत काय सोडून दिलं यावर सगळं ठरतं.

कोकणातल्या भुतांवर काम करू पाहणाऱ्याला एक मोठा साठा फुकट उपलब्ध आहे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी लोकसमजुतींची टिपणं जमवली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जॅक्सन यांचा वध केला. ती टिपणं पुढे आर. ई. एन्थोवेन या सनदी अधिकाऱ्याने लावून घेतली आणि कोकणाचा भाग १९१५ साली छापून आला. त्यातली माहिती बहुतेक गावोगावच्या शाळामास्तरांनी दिलेली आहे. टिपणाखाली अमुक गावचा शाळामास्तर एवढीच ओळख असते, नाव बहुधा नसतंच. त्या मास्तरांनी वर्णनं अत्यंत काटेकोर केली आहेत, आणि चित्रकाराला हवा असतो तो हाच काटेकोरपणा. कोण मेलं, कसं मेलं, कोणता विधी राहिला, ते आता कुठे राहतं, काय मागतं, कशाने टळतं. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा म्हणजे मुंजा, मुक्काम पिंपळावर. सवाष्ण मेलेली ती जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर अळवंत. वारस न ठेवता, पैशात जीव अडकून गेलेला तो समंध. बुडून मेलेला गिऱ्हा पाणवठ्यावर. चकव्याला तर रूपच नाही. तो फक्त वाट फिरवतो आणि उजाडेपर्यंत माणसाला त्याच बांधावर गोल गोल चालवतो.

मजकूर इतका जुना की त्यावर आता कुणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. नव्या चित्रकाराच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतो. त्यामुळे आपण ज्यांच्या भयकथा वाचत वाढलो त्या लेखकांच्या गोष्टींवर चित्रपुस्तिका काढून विकायची तर परवानगी लागते, श्रेय दिलं म्हणून ती आपोआप मिळत नाही. मुंजा, हडळ, चकवा मात्र सगळ्यांचे.

आता ठशाकडे. लिनोलियम म्हणजे हवेने घट्ट झालेलं जवसाचं तेल, त्यात बुचाची आणि लाकडाची पूड, आणि पाठीला तागाचं कापड. छपाईसाठी साधारण तीन मिलिमीटर जाडीचा तुकडा घेतात. तेलाचा असल्यामुळे थंडीच्या सकाळी तो कडक होतो, हत्यार अडकतं आणि जोर लावला की सटकतं. बोटं कापतात ती याच वेळी. पाच-दहा मिनिटं उन्हात ठेवला किंवा वर कापड घालून कोमट इस्त्री फिरवली की तो मऊ पडतो. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला लिनो मात्र ऊन दाखवूनही सुधारत नाही. वाकवल्यावर त्याला भेगा पडत असतील तर घेऊच नये.

व्ही आकाराच्या हत्याराने रेघ, यू आकाराच्या हत्याराने मोठी जागा. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे. वळणावर हात फिरवायचा नाही, ठसा फिरवायचा. नवशिक्यांचा सगळ्यात महागात पडणारा घोटाळा म्हणजे रेघेच्या बुडाशी आत शिरून कोरणं. वरून रेघ ठीक दिसते, पण तिच्याखालचा आधार गेलेला असतो, आणि आठ-दहा प्रती निघाल्यावर ती दाबाखाली तुटते. उभी ठेवायची प्रत्येक रेघ पायाशी थोडी रुंद हवी.

ठसा उलटा छापला जातो हे सगळ्यांना माहीत असतं, पण मुंज्याच्या बाबतीत ते विसरलं तर फार चुकीचं चित्र होतं. जानवं डाव्या खांद्यावरून असतं. कच्चं चित्र उलटं न करता तसंच ठशावर उतरवलं तर छापात ते उजव्या खांद्यावर येतं, म्हणजे अपसव्य, पितृकार्यातलं. कुणी ते मुद्दाम तसं ठेवलं, मेलेल्या मुलाने स्वतःच स्वतःचं श्राद्ध मांडल्यासारखं, तर ते चित्र विलक्षण होईल. नकळत झालं असेल तर ते जाणत्याच्या नजरेला लगेच खटकतं. हडळीच्या पदराचंही तेच. उपाय सोपा आहे. चित्र ट्रेसिंग पेपरवर काढायचं, कागद पालथा घालायचा आणि खाली कार्बन ठेवून ते ठशावर गिरवायचं.

देवनागरी अक्षरं कोरणं हे वेगळंच कष्टाचं काम. काळी अक्षरं उभी ठेवायची तर शिरोरेघ किमान एक मिलिमीटर जाड लागते, आणि ध, छ, ष यांच्या पोटातली बारीक जागा शाईने भरून जाते. म्हणून बहुतेक अनुभवी चित्रकार शीर्षक पांढरं ठेवतात, म्हणजे अक्षरच कोरून काढतात. भुताच्या चित्राला ते शोभतंही.

शाई काचेवर रोलरने पसरायची. ए-५ आकाराच्या ठशाला सुरुवातीला अर्धा चमचा पुरते. थर बरोबर असला की रोलरखाली बारीक, एकसारखा चुरचुर आवाज येतो. तो ओला, चपचप येऊ लागला तर शाई जास्त झाली, आणि चांदण्याच्या सगळ्या बारीक रेघा बुजणार. पाण्यात धुता येणारी शाई एप्रिल-मेमध्ये ठशावरच सुकते, छाप अर्धवट उठतो. तेलाच्या शाईला असा वेळेचा जाच नाही, पण तिला वाळायला तीन-चार दिवस लागतात आणि पावसाळ्यात आठवडाही पुरत नाही. जुलैमध्ये छापलेल्या प्रती ऑगस्टमध्ये घाईने एकावर एक रचल्या की वरच्या प्रतीच्या पाठीवर खालचं भूत उमटतं.

कागदाची निवड दाबावर अवलंबून असते. प्रेस नसेल, चमच्याच्या पाठीने घासून छाप घ्यायचा असेल, तर चौरस मीटरला ऐंशी-नव्वद ग्रॅमपर्यंतचा पातळ, गुळगुळीत कागद हवा. हातकागद देखणा असतो. पुण्याला शिवाजीनगरात १९४० पासूनची हातकागद संस्था आहे आणि चिंध्यांपासून केलेल्या तसल्या कागदाला तोड नाही. पण जाड, खरबरीत हातकागदावर नुसत्या हाताने छापलं तर काळ्यात पांढरे ठिपके राहतात. प्रेस असेल तर तो कागद आधी जरासा ओलसर करून घेतात, मग तो शाई खोलवर ओढतो. रात्रीच्या आभाळात असे थोडे ठिपके मला आवडतात. विहिरीच्या तळाशी नकोत.

चित्राइतकंच मला प्रिय आहे ते झीन, म्हणजे चित्रकाराने स्वतः लिहून, छापून, घडी घालून विकलेली छोटी पुस्तिका. तिचा सगळ्यात साधा प्रकार एका कागदाचा. ए-३ कागद आडवा धरा, चार उभे आणि दोन आडवे असे आठ चौकोन पाडा. खालच्या ओळीत डावीकडून पान ६, ७, ८, १. वरच्या ओळीत डावीकडून ५, ४, ३, २, पण डोकं खाली करून. सगळ्या घड्या नखाने किंवा चमच्याच्या दांड्याने पक्क्या करा. मग मधल्या आडव्या घडीवर फक्त आतल्या दोन चौकोनांच्या लांबीएवढा काप द्या, कडेपर्यंत नाही. कागद त्या आडव्या घडीवर लांबट दुमडा, दोन्ही टोकं धरून आत ढकला, काप उघडतो आणि पोस्टकार्डाच्या आकाराची आठ पानांची पुस्तिका तयार. शिवण नाही, पिन नाही. एकशे वीस ग्रॅमपेक्षा जाड कागद घेतला तर पाठीला फुगवटा येतो. काप टोकाला किंचित जास्त गेला की पहिल्याच वाचनात तिथून फाटायला लागतो.

या घडीतच भयकथेची सोय आहे, आणि ती ओळखणारे चित्रकार फार थोडे. आठ पानांत पान उलटण्याच्या जागा चारच: १ नंतर, ३ नंतर, ५ नंतर, ७ नंतर. वाचकाला दिसू द्यायचं नाही ते नेहमी सम पानावर हवं. विहिरीत वाकून पाहणारी बाई तिसऱ्या पानावर असेल तर पाण्यातलं चौथ्यावर जायला हवं. ते पाचव्यावर ठेवलं तर चौथ्याबरोबर ते आधीच डोळ्याला पडतं आणि सगळा दम जातो. शिवाय कागद एकाच बाजूला छापलेला असतो, पाठ कोरी. पुस्तिका वाचून झाल्यावर वाचक ती उलगडून पाहतोच. तिथे पूर्ण ए-३ आकाराचं एकच चित्र छापलेलं असलं, म्हणजे आत्तापर्यंत जे आठही पानांच्या मागे होतं ते, तर तो धक्का कुठल्याही जाडजूड पुस्तकाला देता येणार नाही. चकव्याची गोष्ट तर या घडीसाठीच जन्मली असावी. कागदावर पान ८ आणि पान १ शेजारी येतात. शेवटच्या पानावरची पाणंद सलग मुखपृष्ठावर गेली की वाटसरू जिथून निघाला तिथेच पोचतो, आणि पुस्तिका कुठूनही पुन्हा सुरू करता येते.

हडळीला वेगळी युक्ती लागते. समोरून भरल्या अंगाची, पाठीमागून नुसता सापळा, असं तिचं वर्णन आहे आणि एका चित्रात दोन्ही बाजू दाखवायला गेलं की बहुतेकांचं चित्र फसतं, काहीतरी आरशाबिरशाचा खटाटोप करावा लागतो. साठ ग्रॅमच्या कागदाला दोन्ही बाजूंनी छापणं जास्त चांगलं: एका अंगाला बाई, दुसऱ्याला सापळा. कागद उजेडासमोर धरला की दोन्ही एकमेकींत मिसळतात. पहिली बाजू पूर्ण वाळल्यावरच दुसरी छापायची, आणि दोन्ही ठसे जुळावेत म्हणून कागदाच्या दोन कोपऱ्यांना सुईने आरपार भोकं पाडून त्यांच्या खुणेवर ठसा बसवायचा. एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर चालतं, तीन झालं तर बरगड्या बाईच्या अंगाबाहेर येतात.

वाचण्याबद्दल. हलकी भयकथा म्हणजे घाबरवायला कमी पडणारी कथा, असा गैरसमज आहे. तिचे नियम उलट जास्त कडक असतात. जागा नेमकी हवी: साकव, पाणंद, आंब्याखालचा चौथरा, खाडीवरचा धक्का. वेळ तिन्हीसांजेची असो नाहीतर भर दुपारी बाराची, ती सांगितलेली हवी. एखादं साधं मागणं हवं. अंधारात भेटलेला माणूस विडीला काडी मागतो, एवढंच. आणि सुटकेचा नियम हवा, की मागे वळून बघायचं नाही, हाकेला पहिल्यांदा ओ द्यायची नाही. हा नियम गोष्टीत आधी, सहज, दुसऱ्याच कामाच्या ओघात आलेला असला की उत्तम. बिघडतं ते समजावून सांगण्याने. ‘भयाण’, ‘भेसूर’, ‘अमानवी’ अशी विशेषणं जिथे दाटी करतात तिथे लेखकाला काही दिसलेलं नसतं. आणि भेटलेला माणूस दहा वर्षांपूर्वीच वारला होता हा शेवट आता कुणी वापरू नये, वाचक तिसऱ्या परिच्छेदातच तिथे पोचलेला असतो.

१९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून आपल्याला गोष्ट चित्रासकट वाचायची सवय लागली. पण अंकांतून गोष्टीच्या माथ्यावरच भूत छापून टाकण्याची रीतही रुळली. चित्र भुताच्या आधीच्या क्षणाचं असावं: उघडं राहिलेलं दार, उलट्या पडलेल्या वहाणा, एकाच बाजूने हललेली केळीची पानं. भूत काढायचंच असेल तर ते आरवलीच्या वेतोबासारखं काढावं. वेंगुर्ला तालुक्यातल्या या देवाला केळ्यांचा घड आणि भल्या मोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि त्या झिजतात. झिजलेल्या तळव्यांचं चित्र काढलं की देव काढायची गरज उरत नाही. गोव्यात देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदार भुताला, रोट आणि दारू ठेवतात, तिथेही वस्तूच बोलते.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. त्या जुन्या यादीत भुतांची वर्गवारी जातीने आणि बाईच्या लग्नाने केलेली आहे. कोण ब्राह्मण, कोण कोळी, कोण सवाष्ण, कोण विधवा. अळवंत ही मुळात बाळंतपणात मेलेली मुलगी आहे, तिच्याकडे ना वैद्य पोचला ना डॉक्टर. तिला अक्राळविक्राळ काढून मोकळं होणारं चित्र मला आता बघवत नाही. तिला भीतिदायक ठेवूनही तिचं वय, तिची पोटाशी धरलेली ओंजळ, तिचं रिकाम्या पाळण्याकडे बघणं दाखवता येतं. मोठ्या प्रकाशनाच्या मुखपृष्ठाला अशी मुभा क्वचित मिळते, कारण तिथे दुकानातल्या फळीवरून ओरडणारा चेहरा हवा असतो. तीस प्रती छापणाऱ्या चित्रकाराला ती पूर्णपणे असते. स्वतंत्र काम विकत घेण्याचं माझ्या मते हेच सर्वांत मोठं कारण.

घेताना काय पाहायचं? खाली डावीकडे पेन्सिलने ७/३० असं लिहिलेलं असतं, म्हणजे तीस प्रतींतली सातवी. उजवीकडे सही. आकडा लहान म्हणून प्रत चांगली, असं लिनोत मुळीच नसतं. ए/पी म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी राखलेल्या प्रती, त्या साधारण एकूण संख्येच्या दहाव्या हिश्शाएवढ्या असतात. मागची बाजू जरूर पाहा: हाताने घासलेल्या प्रतीच्या पाठीवर चमच्याची झिलई असते, प्रेसवरच्या प्रतीला कागदात दबलेली कड हाताला लागते. दहापट भिंगातून रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई यंत्रावरची प्रत आहे. तशी विकण्यात गैर काही नाही, फक्त ती ठशाची म्हणून आणि ठशाच्या भावाने विकू नये. संगणकाने स्वतःच रचलेली भुतांची चित्रं हल्ली खूप फिरतात. शंका आली तर विक्रेत्याला कोरलेल्या ठशाचा फोटो मागा. खरा चित्रकार तो आनंदाने दाखवतो, बरोबर हत्यारंही दाखवतो.

भाव करू नका असं मी म्हणणार नाही, पण आधी हिशेब मनात मांडा. ए-५ ठसा कोरायला दोन-तीन दिवस, तीस चांगल्या प्रतींसाठी पस्तीस-चाळीस कागद, शाई, आणि मुंबईतल्या काळा घोडा महोत्सवासारख्या ठिकाणी स्टॉल लावायचा खर्च. पैसे कमी असतील तर भाव पाडण्यापेक्षा झीन घ्या, ते चित्राच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतं. कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलात तर चित्रकथीही पाहा. तिथल्या ठाकर कलाकारांच्या घरी चित्रांचा संच ‘पोथी’ म्हणून जपलेला असतो आणि एकेक चित्र पुढे धरत गोष्ट गायली जाते. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. चित्र आणि गोष्ट एकाच माणसाने, एकाच हाताने सांगायची ही रीत आजच्या झीनवाल्यांच्या फार जवळची आहे.

घरी आणल्यावर मुख्य शत्रू पावसाळा. चित्र काचेला चिकटू देऊ नका. मध्ये जाड पुठ्ठ्याची खिडकी हवी, नाहीतर दमट हवेत शाई काचेलाच धरते. सेलोटेप कधीही नको, काही वर्षांत तिचा पिवळा डाग आरपार जातो. पातळ कागदाच्या दोन पट्ट्या, मैद्याची खळ, आणि चित्र फक्त वरच्या कडेला टांगायचं. चारी बाजू चिकटवल्या तर ओलीत कागद ताणतो, त्याला जागा मिळत नाही आणि तो लाटांसारखा उठतो. खळीला कसर लागते, म्हणून ती अगदी थोडी. पावसाची झड बसणाऱ्या भिंतीवर फ्रेम लावू नका. नाइलाज असेल तर मागच्या चार कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या चिकटवा, मागून हवा खेळेल.

झीन फ्रेममध्ये घालू नये. ती हाताळायची वस्तू आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका आणि ती पुडी महिन्यातून एकदा तव्यावर मंद गरम करून कोरडी करून घ्या. कापाच्या टोकाला कागद फाटायला लागला असेल तर आतून, कोऱ्या बाजूने, पातळ कागदाचा बोटभर तुकडा खळीने लावा. आतल्या बाजूला मोठं चित्र छापलेलं असेल तर आधी चित्रकाराला विचारा. चित्रकाराकडे जास्तीची प्रत असू शकते.